कुरुळीवाले कोण?

आमच्या दवाखान्यात माणसांना नावं नव्हती, गावं होती. कुणी चऱ्होलीवाले, कुणी कुरुळीवाले, कुणी हिंजवडीच्या मामी. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. खेड्यातली बाई आजारी नवऱ्याला बैलगाडीत घालून आणायची. दारात आम्ही विचारायचो, "नाव काय यांचं?" की ती पदर दातात धरून जमिनीकडे बघत राहायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. तो तापानं बरळत असो, रक्तानं माखलेला असो, घ्यायचं नाही. मग आम्ही विचारायचो, "बरं, गाव कोणतं?" गाव ती लगेच सांगायची. मागे रांग ताटकळत असायची. त्या एका नावाची वाट कोण बघत बसणार? दवाखान्यानं सोपी वाट काढली, गावालाच नाव करून टाकलं.

मला याची चीड यायची. लग्नात, डोहाळेजेवणात हीच बाई यमक जुळवून, लाजत, हसत नाव घेते. आणि जिथे नाव न घेतल्यानं जीव जाईल तिथे हिची वाचा बसते! पण हा राग अर्धवट होता हे मला पुढे कळलं. ती बिचारी घरी शिकली तसं वागत होती. आम्ही तर शिकलेसवरलेले, पांढरे कपडे घालणारे. तिचा संकोच आम्हाला सोयीचा पडला म्हणून आम्ही त्याची दवाखान्याची रीत केली. आणि वर तिलाच अडाणी म्हणायचो.

दवाखाना पिंपरीत, मुंबईच्या सडकेला लागून. लढाईच्या वेळच्या बराकी होत्या, त्यातलीच एक. वर पत्रा, खाली फरशी. एका अंगाला सिंधी निर्वासितांचा कॅम्प, दुसऱ्या अंगाला ज्वारीची रानं, आणि त्या रानांतून कारखान्यांचे लोखंडी सांगाडे वर यायला लागलेले. साताऱ्याकडून, कोकणातून, मोगलाईतून माणसं कामाला येत होती. कालपर्यंत नांगर धरणारा हात आज मशिनीच्या पट्ट्यात सापडायचा. असे हात, असे पाय आमच्याकडे यायचे. डॉक्टर एकच. सकाळच्या गाडीनं पुण्याहून यायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. परिचारिका खरं तर तिघी हव्या होत्या. एक बाळंतपणाच्या रजेवर गेली ती गेलीच, तिच्या जागी कुणाला नेमायची दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टला गरज वाटली नाही. राहिलो दोघी. मोठ्या बाई, आणि मी म्हणजे धाकट्या बाई.

मोठ्या बाई नगरकडच्या, मिशनच्या इस्पितळात तयार झालेल्या. मला खरं काम त्यांनीच शिकवलं. काचेच्या पिचकाऱ्या उकळायला घालताना पातेल्याच्या तळाला फडकं घालायचं, म्हणजे त्या तडकत नाहीत. सुई बोथट झाली की दगडावर घासायची, मग कापसावरून ओढून बघायची. तंतू अडकला तर पुन्हा घासायची. मरणाऱ्या माणसाचा हात सोडायचा नाही. "त्याला काही कळत नाही असं समजू नको, पोरी. कान सगळ्यात शेवटी जातात." असं त्या कामाच्या ओघात सांगायच्या आणि पुढच्या खाटेकडे वळायच्या. त्यांच्या मागे-पुढे कुणी नव्हतं. बराकीच्या मागची एक खोली हेच त्यांचं घर. इथून काढलं तर त्या जातील कुठे, हा विचार मी कधी केला नव्हता. त्यांनी रोज केला असावा.

आणि माझ्या पिशवीत गणवेशाच्या घडीखाली पत्रकं असायची. आम्हा पोरींचं एक लहानसं मंडळ होतं. ड्यूटीचे तास, राहायच्या खोल्या, परिचारिकेला मोलकरणीसारखं वागवणं, यावर आम्ही पत्रकं काढायचो आणि स्टेशनांवर, इस्पितळांच्या फाटकांवर वाटायचो. लिहायची मी. उद्गारचिन्हाशिवाय माझं वाक्य संपत नसे. त्या दिवसांत जे पत्रक वाटत होतो त्याचा मथळा होता, 'रुग्णाला अंधारात ठेवणं हा गुन्हा आहे!' डॉक्टरांनीसुद्धा एक घेतलं होतं. घडी घालून खिशात ठेवलं होतं.

त्या सकाळी वॉर्डाला चुना मारत होते. खाटा व्हरांड्यात काढल्या होत्या, बसतील तशा. रोज भिंतीकडेला असणारा माणूस आज दाराशी, दाराशी असणारा कोपऱ्यात. कुरुळीचे दोघे जण होते. एक लॉऱ्या दुरुस्त करणारा मुसलमान मेकॅनिक. त्याच्या पायावर लोखंड पडून जखमेत पू झाला होता आणि रोज सकाळी त्याला पेनिसिलिनची सुई चालू होती. मोठा बोलका माणूस. सुई टोचायच्या आधी हटकून म्हणायचा, "बाई, जरा बेतानं. हे बॉनेट न्हाई, मानसाचं कातडं हाय." दुसरा आदल्या दिवशी आलेला. बांधकामावरून पडून त्याचा हात मोडला होता. प्लॅस्टर घातलं होतं, बाकी काही नव्हतं. त्याला सुई नव्हती. रात्रभर कण्हून आता तो भिंतीकडे तोंड करून, अंगावर घोंगडी ओढून गाढ झोपला होता. उशाशी बायको, डोक्यावरून पदर, हातात पंखा.

मोठ्या बाईंनी रात्रपाळी केली होती आणि तशाच त्या सकाळच्या कामाला लागल्या होत्या. मी कुरुळीवाल्यांची पिचकारी भरून ट्रे त्यांच्या हातात दिला आणि गोळ्या वाटायला व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे मला मागून ऐकू आलं,

"कुरुळीवाले कोण?"

"आमीच की." बायकोचा आवाज.

"नाव काय यांचं?"

मी वळून पाहिलं नाही. पण ती शांतता माझ्या ओळखीची होती. पदर दातात.

"बरं, असू दे. कुरुळीचेच ना?"

"व्हय."

इतकंच. रोज असं कितीदा तरी व्हायचं आणि रोज काही बिघडायचं नाही.

मी अजून गोळ्याच देत होते, तोच तिची हाक आली. "बाई! ओ बाई! ह्यास्नी बगा की काय हुतंय!"

पोचले तेव्हा तो उठून बसला होता आणि धड हातानं मान ओरबाडत होता. मानेवर, छातीवर लालभडक गांधी उठलेल्या. बघता बघता ओठ सुजले, पापण्या मिटल्या. "छातीवर कुनी तरी बसलंय," एवढं तो म्हणाला, आणि त्याच्या घशातून शिटीसारखा आवाज यायला लागला. मी नाडी धरली. नाडी बोटाखालून सरकून जात होती. मला आजही काही आठवत असेल तर ते माझं बोट, आणि त्या बोटाखाली काहीच नसणं.

डॉक्टर धावत आले. माणूस म्हणून मी त्यांच्याशी पुढे खूप भांडले, पण त्या घटकेचं त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "ॲड्रेनलिन." मी आणलं. त्यांनी टोचलं. मग मोठ्या बाईंकडे मान वर करून विचारलं, "काय दिलं होतं याला?"

"कुरुळीवाल्यांची... रोजचीच."

"रोजची? हा तर काल आलाय."

तेवढ्यात मोरीकडून कुबडी टेकत मेकॅनिक आला. टॉवेलनं तोंड पुसत होता. गर्दी बघून थबकला आणि साध्या आवाजात म्हणाला, "काय झालं वो? बाई, आज मला सुई द्यायची न्हाई का?"

मोठ्या बाईंनी मेकॅनिककडे बघितलं, मग ट्रेमधल्या रिकाम्या पिचकारीकडे. मी ट्रे त्यांच्या हातातून काढून घेतला.

माणूस वाचला. शिटी बसली, नाडी परत आली, दुपारपर्यंत सूजही उतरू लागली. बायको तशीच बसून होती. पंखा तिनं एकदाही थांबवला नव्हता. डॉक्टर तिला म्हणाले, "अशक्तपणानं भोवळ आली. आता काही भीती नाही. उद्या घरी न्या." तिनं मान हलवली. तिची नजर मोठ्या बाईंवर होती.

मग आम्हा दोघींना आत बोलावलं.

"झालं ते झालं," डॉक्टर म्हणाले. "माणूस वाचला. आता यातलं एक अक्षर बाहेर जायचं नाही."

मी म्हटलं, "पण त्याला सांगावं लागेल. त्याला हे औषध चालत नाही. पुढच्या वेळी तो मरेल."

"सिस्टर, तुमचं पत्रक मी वाचलंय. भाषा चांगली आहे. आता माझं ऐका. चाकणकडे त्या कंपाउंडरचं काय झालं ते विसरलात?"

विसरले नव्हते. सुई दिलेलं पोर गेलं, आणि लोकांनी त्याला बाजारातून फरफटत नेलं. तो शेंगांच्या वखारीत पोत्यांमागे लपला म्हणून जगला. पोर सुईनं गेलं की आधीच्या तापानं, हे कुणालाच कळलं नाही.

"यांना सुई सगळी सारखीच," डॉक्टर म्हणाले. "उद्या कॅम्पात घटसर्प आला तर एक आई पोराला टोचू देईल? दवाखाना ओस पडेल. पन्नास मरतील. एकाला घाबरवून पन्नास मारायचे? आणि ह्यांचं काय?" त्यांनी मोठ्या बाईंकडे बोट केलं. "ह्यांचं रजिस्ट्रेशन जाईल. मार पडेल तो वेगळाच."

"तो दुसऱ्या दवाखान्यात गेला तर?"

"कशाला जाईल?"

"का जाणार नाही? इथेच या औषधाचा कारखाना झालाय. गळू झालं, पेनिसिलिन. खोकला झाला, पेनिसिलिन. मागून घेतात लोक! त्याला उद्या कुणीही टोचेल."

"मी कागदावर लिहून ठेवलंय."

"कागद इथे राहणार. माणूस कुरुळीला जाणार."

ते घड्याळाकडे बघून उठले. त्यांची गाडी होती. दारात वळून म्हणाले, "हा माझा हुकूम आहे असं समजा. सल्ला नव्हे."

हे सगळं खोटं होतं असं मला म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पत्रकात शत्रू नेहमी खोटं बोलतो. इथे घटसर्पाची गोष्ट खरी होती, कंपाउंडरची खरी होती, मोठ्या बाईंची तर डोळ्यांसमोर उभी होती. आणि तरीही त्या माणसाचं मरण आम्ही त्याच्या खिशात घालून त्याला घरी पाठवणार होतो, हेही खरं होतं. माझ्या मथळ्यात यातलं काहीच नव्हतं. तिथे फक्त उद्गारचिन्ह होतं.

मोठ्या बाई मागे स्टोपाशी पिचकाऱ्या धूत होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"बघू नकोस अशी," त्या म्हणाल्या. "मी नाव विचारलं होतं."

"मी ऐकलं."

"मग तिनं सांगितलं नाही तर मी काय करू? रोज कोण सांगतं?" मग त्यांनी स्टोला पंप मारला. "तू सांगू नको. मी सांगेन. उद्या न्यायला येतील तेव्हा मीच सांगेन."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. खरं सांगते, मला सत्याचा आनंद झाला नाही. आपल्याला सांगावं लागणार नाही याचा झाला.

सकाळी त्याचा थोरला भाऊ बैलगाडी घेऊन आला. दांडगा गडी, डोक्याला पटका, हातात चाबूक. गाडीत कडबा अंथरून त्यानं भावाला उचलून बसवलं. मी मोठ्या बाईंना शोधायला मागे गेले. स्टो पेटला होता. पातेल्यात पाणी उकळत होतं, आत काहीच नव्हतं. मोठ्या बाई त्या पाण्याकडे बघत होत्या.

"निघाले ते," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. "पोरी, माझे पाय उचलत नाहीत," त्या म्हणाल्या.

मला राग यायला हवा होता. आला नाही. माझे पाय तरी कुठे उचलत होते? वाटलं, जाऊ दे. गाडी सडकेला लागली की सगळंच आपोआप संपेल. कुणी काही केलं असं होणार नाही. फक्त कुणी काही केलं नाही, एवढंच होईल. मग मला त्या बोटाखालची नाडी आठवली, जी नव्हती. मी बाहेर पडले. पळाले म्हटलं तरी चालेल, कारण चालत गेले असते तर वाटेत थांबले असते.

फाटकात गाडी गाठली.

"काय वो बाई?" थोरला म्हणाला. "काय ऱ्हायलं का?"

"सांगायचं राहिलं," मी म्हटलं. "काल यांना जी सुई दिली ती यांची नव्हती. दुसऱ्या पेशंटची होती. चुकून दिली. त्या औषधानंच हे पडले. अशक्तपणानं नाही. ते औषध यांना विषासारखं आहे. पुन्हा कधी, कुठेही घ्यायचं नाही."

मग थोरला गाडीवरून खाली उतरला, सावकाश.

"दुसऱ्याची सुई ह्याला दिली?"

"हो."

"आन त्यानं हा मराय टेकला?"

"हो."

"आन डाक्टर म्हनला अशक्तपना!"

"तेही खरं नव्हतं."

"कुनी दिली?"

"दवाखान्यानं."

"दवाखान्याला हात असत्यात व्हय?" त्यानं चाबकाचा दांडा माझ्यापुढे धरला. "नाव सांग. कोन बाई ती?"

सडकेपलीकडच्या हॉटेलातून दोघे-तिघे उठून बघायला लागले. कारखान्यावर निघालेली माणसं रेंगाळली. मला शेंगांची वखार दिसायला लागली, तिथली पोती दिसायला लागली. पाठीमागे फाटक उघडं होतं आणि मला मागे वळायचा धीर नव्हता.

"मला इचारलं व्हतं." गाडीतून आवाज आला. बायको. पदर सरकला होता, तिचं तोंड मी पहिल्यांदा नीट पाहिलं. माझ्याहून लहान असेल. "भाऊजी, बाईनी मला नाव इचारलं व्हतं. म्या न्हाई घेतलं. कुरुळीचं का म्हनल्या, म्या व्हय म्हनलं. मग त्यो दुसरा आला आन म्हनला, माझी सुई ऱ्हायली. तवाच मला समाजलं."

म्हणजे तिला कालच कळलं होतं! आम्ही तिघं आत दार लावून खलबत करत होतो आणि ती बाहेर पंखा हलवत होती, आपणच नवऱ्याला मारलं असं मनात धरून. डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला तेव्हा तिनं मान हलवली होती. आम्ही लपवत होतो, तीही लपवत होती, आणि आमच्यापेक्षा तिला जास्त भ्यावं लागत होतं. आम्हाला नोकरी होती. तिला फक्त सासर होतं.

थोरला तिच्याकडे वळला. "तोंड शिवलं व्हतं का तुझं?" चाबूक धरलेला हात वर गेला.

आणि मला कळलं, की मी सांगितलेल्या सत्याचा पहिला फटका हिला बसणार आहे. हे माझ्या हिशेबात कुठेही नव्हतं. मी गाडीच्या चाकाला धरून मध्ये उभी राहिले. धैर्य म्हणू नका, मी डोळे मिटले होते.

"तिला काही बोलू नका."

मी डोळे उघडले. मोठ्या बाई फाटकात उभ्या होत्या. हात ओले, पदर खोचलेला.

"सुई मी दिली," त्या म्हणाल्या. "माणूस ओळखल्याशिवाय सुई द्यायची नाही हे शिकवून मला इथे ठेवलंय. तिला कुणी शिकवलं होतं? मारायचं तर मला मारा." आणि त्या खरंच येऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. उंचीनं त्याच्या खांद्याइतक्या.

थोरल्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग गाडीतला प्लॅस्टरवाला बोलला.

"दादा, मी मेलो आसतो तर ह्या बाया सांगाय आल्या आसत्या व्हय? जिता हाय म्हनून आल्यात. खाली घे त्यो चाबूक, बैल बुजत्यात." आणि माझ्याकडे बघून, "बाई, तुमी त्या औषिदाचं नाव सांगा पैलं. सगळी सुईच न्हाई घ्यायची, का येकच?"

"एकच. बाकीच्या चालतील. घेतल्याच पाहिजेत."

"मग नाव सांगा."

मी सांगितलं. थोरल्याच्या जिभेला वळेना, तो दोनदा अडला आणि चिडून थुंकला. बायकोनं मात्र ओठ हलवून बघितले आणि स्पष्ट म्हणाली, "पेनिसिलिन."

"घ्या!" नवरा म्हणाला. "लगीन झाल्यापासनं माझं नाव घेईना, आन ह्याचं कसं फाडदिशी घेतलं."

कुणी हसलं नाही. मी आत पळत जाऊन पिशवीतलं एक पत्रक आणलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पेनिसिलिन देऊ नये!' आणि बायकोच्या हातात दिलं. थोरला गाडीवर चढला. जाताना मोठ्या बाईंना म्हणाला, "पुन्यांदा आसं करू नगा." एवढंच. गाडी सडकेला लागली तेव्हा मोठ्या बाई फाटकाला टेकून बसल्या, तिथेच मातीत.

डॉक्टरांना पुण्याच्या गाडीतून उतरताच कळलं. ते माझ्यावर ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आता जे होईल त्याला तुम्ही जबाबदार." आणि मी पुढचे कित्येक दिवस त्या 'जे होईल'ची वाट बघत काढले. फाटकाशी चार माणसं बोलत उभी दिसली की मी हातातलं काम टाकून खिडकीशी जायचे. गर्दी रोडावली हे खरं. बायका सुई बघून विचारायच्या, "कंची हाय ही? कुनाची हाय?" डॉक्टरांना तो प्रश्न म्हणजे दवाखान्याचा अपमान वाटायचा. मला विचाराल तर तो प्रश्न आधीपासून विचारला जायला हवा होता! हळूहळू लोक परत आले. दुसरा दवाखाना होता कुठे त्यांना जायला? मला कामावरून काढलं नाही ते माझ्या सत्यवचनावर खूश होऊन नव्हे. माणूस मिळत नव्हतं.

मोठ्या बाई राहिल्या नाहीत. त्यांना कुणी घालवलं नाही, त्या आपण होऊन नगरकडे परत गेल्या. तोवर माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. "त्या दिवशी तुम्ही आलात," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "तू मला वेळ द्यायला हवा होतास, पोरी." वेळ नव्हता, गाडी निघाली होती. पण त्यांचं म्हणणंही मला पुसता येत नाही. जाताना सुया घासायचा दगड त्या घेऊन गेल्या. मला वाटलं होतं, ठेवून जातील.

मग उन्हाळ्यात एका सकाळी ती कुरुळीची बायको दवाखान्याच्या आवारातून पळत येताना मला दिसली. अनवाणी, पदर वाऱ्यावर. गेला, मी मनात म्हटलं. कुणी तरी टोचलं आणि गेला.

मागून तो येत होता. चालत. तापानं फणफणलेला, काखेत मोठं गळू, पण चालत.

चाकणला बाजाराला गेले होते. तिथे गळू फार ठणकायला लागलं म्हणून एका दवाखान्यात शिरले. तिथल्या नव्या कंपाउंडरनं विचारलं नाही, सवरलं नाही, पिचकारी भरून आणली. "म्या म्हनलं, कंची हाय?" ती सांगत होती, धापा टाकत. "तर म्हनला, तुला काय करायचंय? म्या त्याचं मनगाटच धरलं. म्हनलं, पेनिसिलिन हाय का? तर त्यो बगतच ऱ्हायला! म्हनला, व्हय. मग ह्यास्नी घिऊन तडक हितं."

तिनं अजूनही कुणाचं तरी मनगट धरल्यासारखी मूठ वळली होती. मी ती माझ्या दोन्ही हातांत घेतली.

"आन मी झोपंत आसलो तर?" नवरा म्हणाला. "ही बी संगं नसली तर? म्हनून हे केलं बगा." त्यानं बाही वर सारली. ज्या हाताचं हाड मोडलं होतं त्यावर, आधीच गोंदलेल्या मारुतीच्या शेजारी, हिरव्या गोंदणात माझं अक्षर होतं. गोंदणारणीला वाचता येत नव्हतं. तिनं पत्रकावरचं सगळं जसंच्या तसं उतरवलं होतं. काही म्हणजे काही सोडलं नव्हतं.

"हे समदं वाचून घेतलं येका मास्तरकडनं," तो म्हणाला. "पर ह्यो शेवटचा खांब आन त्याच्याखालचा ठिपका कशाचा, ते त्यानं न्हाई सांगितलं."

मी म्हटलं, "ती घाबरल्याची खूण आहे."

"मग बराबर हाय," तो म्हणाला आणि बाही खाली केली.

त्याला बाकावर बसवून मी ट्रे घेतला. डॉक्टर गळू फोडणार होते, त्याआधी गोळी द्यायची होती. मी विचारलं, "नाव काय यांचं?"

तो तोंड उघडणार होता. मी हातानं थांबवलं. "तुम्ही नाही. हिला सांगू दे."

तिनं पदर दातात धरला. जमिनीकडे बघितलं. मागे रांग होती. कुणी तरी म्हणालं, "ओ बाई, गाव इचारा की, उरका." मी ट्रे बाकावर ठेवला आणि उभी राहिले. चाकणच्या कंपाउंडरला न भिणारी ती पोर आता इतकी घाबरली होती की तिच्या कपाळावर घाम आला. मला तिची दया आली, तरी मी गाव विचारलं नाही.

शेवटी ती उठली. माझ्या कानाशी तोंड आणलं आणि पदराआडून, अगदी हळू, घेतलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिनं मला एकटीला सांगितलं होतं.